सोळा ठिपके, सोळा ओळी

एसटीने घाट चढताना एखाद्या कड्यावर उभा असलेला मोबाइलचा मनोरा जरा नीट बघा. वरच्या टोकाला उभ्या, लांबट पेट्या असतात. आपल्या फोनशी त्या बोलतात. त्यांच्या खाली मात्र पांढरे, गोल, ढोलासारखे डबे लावलेले दिसतात. या ढोलांचं तोंड ना गावाकडे असतं ना रस्त्याकडे. समोरच्या लांबच्या डोंगराकडे ते एकटक बघत असतात. नजर ताणली तर त्या डोंगरावरही मनोरा दिसतो, आणि त्याच्यावरचा ढोल बरोब्बर इकडे वळलेला असतो.

जिथे जमिनीतून केबल नेणं अवघड, तिथे दोन मनोरे असे हवेतून जोडतात. आसपासच्या चार गावांतले सगळे फोन, सगळे व्हिडिओ त्या एका ढोलातून पलीकडे जातात. यासाठी भारतात वापरल्या जाणाऱ्या मायक्रोवेव्ह पट्ट्यांपैकी एक १५ गिगाहर्ट्झची आहे. म्हणजे ही लहर सेकंदाला १५ अब्ज वेळा डोलते, आणि तिच्या एका डोलण्याची लांबी असते जेमतेम दोन सेंटिमीटर.

आता कोडं असं. एका लयीत डोलणारी लहर स्वतः काहीच सांगत नाही. तानपुरा नुसता छेडत राहिलं तर त्यातून निरोप जात नाही, तसंच हे. मग तिच्यावर सेकंदाला वीस कोटी ‘हो-नाही’ चढवायचे कसे? आणि तेही नखाहून लहान चिपच्या आत, मधले टप्पे न घेता, एका उडीत? या एका उडीला म्हणतात डायरेक्ट मॉड्युलेशन, थेट मॉड्युलेशन.

जात्याचा खुंटा आणि दोन सावल्या

लहरीची फ्रिक्वेन्सी एकदा ठरली की तिच्यात बदलण्याजोग्या गोष्टी दोनच उरतात. ती किती जोरात डोलते, ही एक. आणि ती डोलण्याच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर आहे, म्हणजे तिची फेज, ही दुसरी.

जात्यावर दळण चाललं आहे अशी कल्पना करा. खुंटा गोल फिरतो आहे. एका बाजूच्या दिव्याने त्याची सावली समोरच्या भिंतीवर पडते; ती नुसती डावी-उजवी सरकते. दुसऱ्या बाजूच्या दिव्याने बाजूच्या भिंतीवर सावली पडते; ती नुसती पुढे-मागे सरकते. पहिली सावली अगदी टोकाला पोहोचते तेव्हा दुसरी बरोबर मध्यावर असते. दोघींची चाल एकच, पण एक दुसरीच्या पाव फेरी मागे.

हेच उलट करता येतं आणि सगळी युक्ती त्यात आहे. पाव फेरीचं अंतर असलेल्या दोन लहरी हाताशी असतील, तर पहिलीचा थोडा भाग आणि दुसरीचा थोडा भाग मिसळून कुठल्याही जोराची, कुठल्याही फेजची तिसरी लहर तयार होते. फेज बदलायला वेगळं यंत्र लागत नाही. फक्त दोन आकडे ठरवायचे: पहिली किती, दुसरी किती. इंजिनिअर या आकड्यांना ‘आय’ आणि ‘क्यू’ म्हणतात. आकडा ऋण असेल तर ती लहर उलटी करून मिसळायची.

अंगणातली रांगोळी

दोन आकडे म्हटले की कागदावरचा एक बिंदू झाला. आडवा आकडा आय, उभा आकडा क्यू. आता समजा पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधीच ठरवून घेतलं की कागदावर चार ठिपके, चार ओळी आहेत आणि लहर दर वेळी यांतल्याच एका ठिपक्यावर येऊन थांबेल. ठिपके सोळा, त्यामुळे एका ठिपक्यात चार ‘हो-नाही’ मावतात. सोळा ठिपके, सोळा ओळी काढल्या तर एकूण २५६ ठिपके होतात आणि एकात आठ ‘हो-नाही’ जातात. चौसष्ट ठिपके, चौसष्ट ओळी काढल्या तर ठिपके ४०९६, एकात बारा. नव्या मायक्रोवेव्ह रेडिओंची मजल आज इथपर्यंत गेली आहे.

इंग्रजीत या आकृतीला ताऱ्यांच्या समूहाचं नाव आहे. ठिपक्यांची रांगोळी घातलेल्या कुणालाही ती काय आहे हे सांगावं लागणार नाही.

भारतात या कामासाठी दिली जाणारी पट्टी २८ मेगाहर्ट्झ रुंद असते. तिच्यात सेकंदाला सुमारे अडीच कोटी ठिपके बसतात. एका ठिपक्याच्या वाट्याला येणाऱ्या वेळात १५ गिगाहर्ट्झची लहर सुमारे सहाशे वेळा डोलून घेते. लहरीच्या मानाने आपला डेटा इतका संथ आहे. सोळा-सोळाच्या रांगोळीचा हिशेब केला, तर अडीच कोटी गुणिले आठ, म्हणजे वर म्हटलेले वीस कोटी येतात.

जुनी वाट: टप्प्याटप्प्याने वर

अडचण पहिल्याच पायरीवर येते. एका लहरीवर दुसरी चढवायची म्हणजे दोघींचा गुणाकार करायचा. पण गुणाकारातून हव्या त्या लहरीसोबत एक नको असलेली जुळी लहरही निघते. ७० मेगाहर्ट्झची लहर १५,००० मेगाहर्ट्झशी गुणली, तर १५,०७० मिळते आणि १४,९३० सुद्धा. एक बेरजेची, एक वजाबाकीची. ही दुसरी, म्हणजे आरशातली प्रतिमा, भलत्याच्याच पट्टीत घुसते.

पूर्वीचा उपाय सरळ होता: चाळणी लावा. पण १५,००० मध्ये १४० चा फरक म्हणजे एक टक्काही नाही. एवढा बारीक फरक ओळखणारी चाळणी, म्हणजे फिल्टर, चांदीचा मुलामा दिलेल्या धातूच्या पोकळ डब्यांची करावी लागते आणि स्क्रू फिरवून लावावी लागते. असा डबा चिपमध्ये मावत नाही. मग लहर एकदम वर न नेता मधल्या एक-दोन टप्प्यांवर थांबवत न्यायची, म्हणजे प्रत्येक टप्प्याला सोपी चाळणी पुरते. ही मधल्या टप्प्याची कल्पना एडविन आर्मस्ट्राँग यांना १९१८ साली पॅरिसमध्ये रिसीव्हरसाठी सुचली. १९५१ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशी १०७ मनोऱ्यांची मायक्रोवेव्ह साखळी सुरू झाली. तिच्यातही बोलणं आधी ७० मेगाहर्ट्झवर चढवत आणि मग ४ गिगाहर्ट्झच्या आसपास नेत. हा ७० चा आकडा पुढे कित्येक दशकं या धंद्यात ठाण मांडून राहिला.

ही पद्धत भक्कम आहे आणि आजही वापरात आहे. पण प्रत्येक टप्प्याला लय देणारा वेगळा ऑसिलेटर, वेगळी चाळणी, वेगळा अँप्लिफायर लागतो. खर्च वाढतो, वीज जास्त जाते, पेटी मोठी होते.

चाळायचं नाही, खोडायचं

दुसरा रस्ता गणितातून जातो आणि तो अकरावीच्या पुस्तकात सापडतो: कॉस (अ + ब) = कॉस अ × कॉस ब − साइन अ × साइन ब. यातलं ‘कॉस’ म्हणजे जात्याच्या खुंट्याची एक सावली, ‘साइन’ म्हणजे पाव फेरी मागची दुसरी. सूत्र सांगतं की एकाऐवजी दोन गुणाकार करा, एक कॉसचा, एक साइनचा, आणि एकातून दुसरा वजा करा. दोन्ही गुणाकारांत नको ती प्रतिमा असतेच, पण वजाबाकीत ती स्वतःच स्वतःला खोडते. उजवीकडे फक्त बेरजेची लहर उरते. राल्फ हार्टली यांनी या तत्त्वावरचं पेटंट १९२८ सालीच मिळवलं होतं.

प्रतिमा काढून टाकायला आता चाळणीची गरज राहिली नाही, म्हणून मधले टप्पेही नकोत. आयला एका लहरीने गुणा, क्यूला पाव फेरी मागच्या लहरीने गुणा, दोन्ही एकत्र करा, झालं. डेटा थेट १५ गिगाहर्ट्झवर पोहोचला.

यातली मेख ‘खोडणं’ या शब्दात आहे. चाळणी एकटी काम करते. खोडायला मात्र अगदी सारखे दोन लागतात. तराजूची दोन्ही पारडी तंतोतंत सारखी असतील तरच काटा शून्यावर उभा राहतो. शिवाय थेट पद्धतीत लहर आपल्याच पट्टीच्या मधोमध असते, म्हणजे आरसा आपल्याच अंगणाच्या मध्यावर उभा आहे. प्रतिमा पूर्ण खोडली गेली नाही, तर पट्टीच्या उजव्या अर्ध्याची सावली डाव्या अर्ध्यावर पडते आणि आपणच आपली रांगोळी विस्कटतो. त्यामुळे थेट मॉड्युलेशनची चिप काढणं म्हणजे अर्ध्याहून अधिक समतोलाचंच काम असतं, असं मला वाटतं.

सहा ट्रान्झिस्टरांचं दारं धरणं

गुणाकार करणाऱ्या मंडलाला गिल्बर्ट सेल म्हणतात. हॉवर्ड जोन्स यांनी तशीच रचना आधी केली होती, पण बॅरी गिल्बर्ट यांच्या १९६८ च्या लेखानंतर नाव त्यांचं पडलं. तिच्यात मुख्य ट्रान्झिस्टर सहाच असतात.

शेताला पाणी देताना दारं धरलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. वरून ठरलेलं पाणी येतं आणि ते दोन पाटांत वाटलं जातं. कुठल्या पाटात किती, हे डेटा ठरवतो. हे खालच्या दोन ट्रान्झिस्टरांचं काम. डेटा शून्य असेल तर निम्मं-निम्मं. पुढे चार दारं आहेत, ते वरचे चार ट्रान्झिस्टर. एका क्षणी डावा पाट डाव्या वाफ्याला आणि उजवा उजव्याला. पुढच्या क्षणी नेमकी अदलाबदल, डावा उजव्याला आणि उजवा डाव्याला. ही अदलाबदल सेकंदाला १५ अब्ज वेळा होते. बाहेर जातो तो दोन वाफ्यांतल्या पाण्याचा फरक. तो फरक डेटाएवढा मोठा असतो आणि लहरीच्या चालीने उलटसुलट होतो. गुणाकार झाला.

या रचनेतली मला सर्वात सुंदर वाटणारी गोष्ट शून्याच्या वेळी दिसते. दोन्ही पाटांत पाणी सारखं असेल, तर दारं कितीही वेगाने उघडझाप करोत, फरक शून्यच राहतो आणि नुसती रिकामी लहर बाहेर जात नाही. पण एका पाटात टक्काभर पाणी जास्त असेल, तर डेटा नसतानाही तो फरक उलटसुलट होत राहतो आणि रिकामी लहर गळायला लागते. याला कॅरिअर लीकेज, वाहक लहरीची गळती म्हणतात.

मग सारखेपणा आणायचा कुठून? इथे चिप स्वतःच मदतीला येते. एकाच घाण्यातल्या चकल्यांना एकसारखा रंग येतो, तसे शेजारीशेजारी, एकाच वेळी बनलेले ट्रान्झिस्टर एकमेकांसारखे होतात. सुटे भाग आणून जोडले असते तर हे जमलंच नसतं. तरीही चिपच्या एका कडेला तापमान किंवा थराची जाडी किंचित वेगळी असते. म्हणून प्रत्येक ट्रान्झिस्टरचे दोन तुकडे करून ते कर्णाच्या दोन टोकांना ठेवतात: अ, ब आणि खाली ब, अ. कडेचा फरक दोघांच्या वाट्याला सारखा येतो. १९८९ मध्ये मार्सेल पेलग्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोन ट्रान्झिस्टरांतली तफावत त्यांच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. तफावत निम्मी हवी तर ट्रान्झिस्टर चौपट मोठा करा. पण मोठा ट्रान्झिस्टर सुस्त असतो, आणि इथे तर सेकंदाला १५ अब्ज वेळा हलायचं आहे. डिझाइन करणाऱ्याचे कित्येक दिवस या ओढाताणीत जातात.

पाव फेरी म्हणजे किती?

१५ गिगाहर्ट्झला एक फेरी ६७ पिकोसेकंदांची, पाव फेरी १७ पिकोसेकंदांच्या जरा आत. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. पाव फेरी म्हणजे ९० अंश. त्यात एका अंशाची चूक झाली, तर वेळेतली चूक होते ०.१९ पिकोसेकंद. एवढ्या वेळात सिलिकॉन चिपवरच्या तारेतला सिग्नल सुमारे २८ मायक्रॉन जातो. माणसाच्या केसाची जाडी बहुधा याच्या दुपटीहून जास्त भरते.

म्हणजे आयकडे जाणारी तार आणि क्यूकडे जाणारी तार यांच्या लांबीत अर्ध्या केसाचा फरक पडला, तरी एक अंश गेला. सोळा-सोळाच्या रांगोळीत या एका अंशाने कोपऱ्यातला ठिपका दोन ठिपक्यांमधल्या अंतराच्या पंधराव्या भागाएवढा सरकतो, ते खपतं. चौसष्ट-चौसष्टमध्ये तोच ठिपका त्या अंतराच्या पाव भागाहून जास्त सरकतो. अर्धं अंतर सरकला की घेणाऱ्याला तो शेजारचाच वाटतो. इतर चुकांसाठी जागाच उरत नाही. म्हणून चिपच्या नकाशात आय आणि क्यूच्या वाटा आरशात पाहिल्यासारख्या आखतात. एकीला वळण घ्यावं लागलं तर दुसरीला गरज नसताना तसंच वळण देतात.

पाव फेरी निर्माण करण्याचे मार्ग दोन-तीन आहेत. रोध आणि धारित्र यांच्या जाळीतून लहर पुढे-मागे सरकवता येते, पण त्यांच्या किमती बनवताना हलतात आणि उन्हातही हलतात. दुसरा मार्ग मला अधिक पक्का वाटतो: दुप्पट फ्रिक्वेन्सीची, म्हणजे ३० गिगाहर्ट्झची लहर घ्यायची आणि तिला दोनाने भागायचं. तिच्या चढत्या कडेवर एक लहर पलटते, उतरत्या कडेवर दुसरी. पाव फेरी आपोआप पडते. फक्त ३० गिगाहर्ट्झ हाताळायला वीज बरीच मोजावी लागते.

चौकट: रांगोळी पाहून दुखणं ओळखा

प्रयोगशाळेत चिपचं निदान पडद्यावरची रांगोळी बघून करतात. पूर्ण रांगोळी एका बाजूला सरकली असेल, तर वाहक लहर गळते आहे. चौरसाचा आयत झाला असेल, तर आय आणि क्यूचा जोर सारखा नाही. चौरस कलून शंकरपाळ्यासारखा झाला असेल, तर पाव फेरी नीट पाव नाही. कोपरे आत दबले असतील, तर शेवटचा अँप्लिफायर थकतो आहे. ठिपके मध्याभोवती कमानीसारखे फाटले असतील, तर ऑसिलेटरची लय डळमळते आहे.

एकाच तुळईवरची दोन घड्याळं

ऑसिलेटरची लय डळमळण्याचं हे शेवटचं दुखणं थेट पद्धतीत जास्त छळतं. १६६५ साली डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांना आढळलं की एकाच तुळईला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं हळूहळू एकमेकांशी जुळवून घेतात. तुळईतून जाणारा इवलासा धक्काही त्याला पुरतो. थेट मॉड्युलेशनच्या चिपमध्ये लय देणारा नाजूक ऑसिलेटर आणि बाहेर जाणारा जोरदार सिग्नल एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर बसतात. जोरदार सिग्नल ऑसिलेटरला आपल्या मागे ओढतो, आणि तो सिग्नल तर दर ठिपक्याला बदलत असतो.

उपाय असा की ऑसिलेटरला भलत्याच फ्रिक्वेन्सीवर ठेवायचं. तो १० गिगाहर्ट्झवर चालवायचा, त्यातून दोनाने भागून ५ काढायचे आणि १० व ५ मिसळून १५ करायचे. १५ चा धक्का १० च्या लयीत बसत नाही, म्हणून ओढ फारशी लागत नाही.

तानपुरा जुळवावा तसं

एवढं करूनही दोन बाजू कधीच हुबेहूब होत नाहीत. उरलेली तफावत चिप स्वतःच शोधते. आत एक छोटा मापक असतो, जो बाहेर जाणाऱ्या लहरीचा फक्त जोर बघतो. चिप आधी एक साधा, ठरलेला सूर पाठवते. सगळं नीट असेल तर जोर स्थिर राहतो. वाहक लहर गळत असेल तर जोर त्या सुराच्या वेगाने थरथरतो. प्रतिमा उरली असेल तर त्याच्या दुप्पट वेगाने. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना कान त्या थरथरीकडेच असतो, आणि ती विरली की तारा जुळल्या. चिपही तेच करते. गळती थांबवायला आय-क्यूच्या आकड्यांत एक चिमूटभर कायमची भर घालते. प्रतिमा घालवायला रांगोळी मुद्दाम उलट्या बाजूला तेवढीच कलती काढते, म्हणजे मंडलाच्या चुकीतून जाताना ती सरळ होते. मनोऱ्यावर दुपारी पेटी तापते आणि पहाटे गार पडते, त्यामुळे एकदा जुळवून भागत नाही. ही दुरुस्ती पुन्हा पुन्हा होत राहते.

आणि मग पाऊस येतो. १० गिगाहर्ट्झच्या वर पावसाचे थेंब लहर शोषतात आणि विखुरतात, आणि सह्याद्रीतला आषाढातला पाऊस तर लहरीला अर्ध्या वाटेत दमवतो. पलीकडच्या ढोलाला ठिपके धूसर दिसू लागतात. तो उलट निरोप देतो: इतके जवळजवळ ठिपके मला ओळखू येत नाहीत. अलीकडची चिप लगेच चौसष्टवरून सोळा ओळींवर येते, सर कोसळली तर चार ओळींवर, फारच झालं तर दोन ठिपके, दोन ओळी. खाली गावात व्हिडिओ अडखळतो, पण फोनवरचं बोलणं चालू राहतं. सर ओसरते, धुकं विरतं, आणि समोरचा डोंगर दिसू लागेपर्यंत अंगणात पुन्हा सोळा ओळी भरलेल्या असतात.